ड्रम न तपासता सही करू का?

(पत्र बरंच मोठं होतं, नाव-गाव काढून थोडक्यात देतेय.)

लिहिणारा २८ वर्षांचा, एमएस्सी केमिस्ट्री. एका एमआयडीसीत छोटी कंपनी आहे, सर्दी-खोकल्याची आणि तापाची सिरप बनवते, बरीचशी लहान मुलांची, तिथे तो तीन वर्षं क्यूसीत, म्हणजे माल तपासणाऱ्या खात्यात, आहे. सिरपमध्ये लागणाऱ्या प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीनचे ड्रम आले की प्रत्येक ड्रममधून सॅम्पल काढायचं आणि त्यात डायइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे डीईजी, हे विषारी रसायन आहे का ते बघायचं असं एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी नियमावलीत, स्पष्ट लिहिलंय. पण त्यासाठी लागणारं जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) मशीन कंपनीत नाही, सॅम्पल बाहेरच्या लॅबला जातं, रिपोर्टला चार-पाच दिवस लागतात. डिस्पॅचची घाई असली की प्लांट हेड म्हणतात, सगळेच करतात, सप्लायरचा सीओए (मालाबरोबर येणारं तपासणीचं प्रमाणपत्र) आहे ना, त्यावरचे आकडे रिपोर्टमध्ये भर आणि सही कर. गेल्या वर्षभरात त्याने अशी तीनदा सही केलीय. चौथ्यांदा हात थांबला, तेव्हापासून "हा काम अडवतो" असं सगळ्यांसमोर ऐकवलं जातंय. बायकोला सातवा महिना, घराचा हप्ता चालू. सही करू की राजीनामा देऊ, असा त्याचा प्रश्न आहे. आणि पत्राच्या शेवटी लिहिलंय: "तसंही ताई, मला औषधं शोधणाऱ्या लॅबमध्ये जायचं होतं. इथे काय, नुसत्या टिका मारायच्या. माझ्या एका सहीने असा काय फरक पडणार?"

---

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी अडकले, "तीनदा सही केलीय". तू विचारतोयस चौथ्या सहीबद्दल, पण मला आधी त्या तिन्हींबद्दल बोलायचंय, कारण चौथा लॉट अजून तुमच्या गोडाऊनमध्ये "तपासणी बाकी"चं पिवळं लेबल लावून उभा आहे, त्याने कुणाला काही होणार नाहीये, आणि आधीच्या तीन लॉटची सिरप मात्र कुठल्यातरी मेडिकलच्या फळीवर किंवा कुणाच्या तरी घरात फ्रिजच्या दारात आहेत. तेव्हा राजीनामा वगैरे नंतर. उद्या ड्यूटीवर गेलास की पहिलं काम, त्या तीन लॉटमधून कुठल्या कुठल्या बॅच बनल्या ते बॅच रेकॉर्डवरून काढ, त्यांचे कंट्रोल सॅम्पल, म्हणजे प्रत्येक बॅचच्या राखून ठेवलेल्या बाटल्या, जागेवर आहेत का बघ, आणि ते डीईजीसाठी तपासून घ्यायचेत असं क्यूए (गुणवत्ता हमी) हेडला लेखी कळव. तोंडी नको, मेल कर. कच्च्या मालाचं राखून ठेवलेलं सॅम्पल असेल तर तेही पाठवायला सांग. बहुतेक वेळा रिपोर्ट चांगलेच येतात, तुझेही येवोत. पण "बहुतेक वेळा" या शब्दावर तुला झोप लागत नाहीये म्हणून तर तू मला लिहिलंस ना.

आता तुझ्या शेवटच्या वाक्याकडे येते, कारण सगळी गाठ मला तिथे दिसते. तुझ्या मनात औषधांचा इतिहास म्हणजे शोध लावणाऱ्यांचा इतिहास, आणि क्यूसी म्हणजे मागच्या खोलीतलं कारकुनी काम. मी स्वतः तीस वर्षं याच मागच्या खोलीत काढली, त्यामुळे मला हे बोचलं असं समजू नकोस, पण हा समज चुकीचा आहे आणि नेमक्या याच समजामुळे तुझा हात सहीकडे जातोय असं मला वाटतं.

सल्फा या जंतूंवरच्या औषधाची गोष्ट घे. १९३२ च्या आसपास जर्मनीत बायरच्या लॅबमध्ये गेरहार्ड डोमाक आणि त्याच्या सहकाऱ्यांना एक लाल रंगद्रव्य सापडलं, प्रॉन्टोसिल, जे स्ट्रेप्टोकोकसच्या इन्फेक्शनमधून उंदरांना वाचवत होतं. डोमाकच्या स्वतःच्या मुलीला सुईच्या जखमेतून इन्फेक्शन झालं तेव्हा त्याने तिलाही तेच दिलं आणि पोरीचा हात वाचला. मग पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या लोकांनी दाखवलं की रंगाचा काही संबंध नाही, शरीरात त्याचे तुकडे होऊन जे सल्फानिलामाइड सुटतं तेच काम करतं. आणि सल्फानिलामाइड तर १९०८ मध्येच बनवून झालं होतं, पेटंटची मुदतही संपलेली, म्हणजे कुणीही बनवा, कुणीही विका. १९३६ च्या शेवटी अमेरिकेच्या अध्यक्षांचा, रूझवेल्टचा, मुलगा या औषधांनी बरा झाला आणि पेपरात बातम्या आल्या, मग तर झुंबड उडाली. डोमाकला १९३९ चं नोबेल जाहीर झालं. इथपर्यंतचा भाग तुला पाठ असेल, आपण सगळे इथपर्यंतच शिकतो.

पुढचा भाग तुझ्या-माझ्या खात्यातला आहे. टेनेसी राज्यातल्या ब्रिस्टल गावी मॅसेनगिल नावाची कंपनी होती, तिच्या सेल्सवाल्यांनी १९३७ मध्ये कळवलं की लोकांना सल्फा पातळ स्वरूपात पाहिजे, लहान मुलांना गोळी गिळता येत नाही. सल्फानिलामाइड सहजासहजी कशात विरघळत नाही. कंपनीचा मुख्य केमिस्ट हॅरॉल्ड वॉटकिन्स याने खटपट करून शोधलं की ते डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये छान विरघळतं. रास्पबेरीचा स्वाद टाकला. मग क्वालिटी टेस्ट झाली, म्हणजे रंग, वास आणि चव बघितली, तिन्ही उत्तम. विषारी आहे का हे बघितलं नाही, कारण तसं बघायला सांगणारा कायदाच नव्हता. सप्टेंबरमध्ये २४० गॅलन माल देशभर गेला आणि ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमातल्या टल्सामधून डॉक्टरांचे निरोप यायला लागले, की पेशंटची लघवी बंद होतेय आणि पेशंट जातायत.

१०५ माणसं गेली, त्यात ३४ मुलं. अमेरिकेच्या एफडीएने आपली जवळजवळ सगळी माणसं, २३९ इन्स्पेक्टर आणि केमिस्ट, बाटल्या शोधायला रस्त्यावर उतरवली. एक कुटुंब तीन वर्षांच्या मुलाला आणि औषधाला घेऊन डोंगरात राहायला गेलं होतं, त्यांना शोधायला मदत करायची म्हणून एका डॉक्टरने स्वतःचं लग्न पुढे ढकललं. २४० पैकी २३४ गॅलन परत मिळाले. म्हणजे हे सगळं मरण जेमतेम सहा गॅलनमध्ये होतं, बावीस-तेवीस लिटर. तुझ्या गोडाऊनमधला एक ड्रम दोनशे किलोच्या वरचा आहे. एका सहीने काय फरक पडतो असं तू विचारलंस, म्हणून हा हिशोब मांडला.

कंपनीवर खटला झाला तो कशावर माहितीये? "एलिक्झिर" म्हणजे त्यात अल्कोहोल पाहिजे आणि यात ते नव्हतं, म्हणून लेबल खोटं. बाटलीवर "सोल्यूशन" लिहिलं असतं तर तेवढाही गुन्हा झाला नसता. मालकाचं म्हणणं असं की आमची काही जबाबदारी नाही. वॉटकिन्सने मात्र आत्महत्या केली. मला त्याचा राग येत नाही रे, वाईट वाटतं. तो दुष्ट नव्हता, त्याला जे काम सांगितलं ते त्याने हुशारीने केलं, फक्त एक प्रश्न विचारायचा राहिला. टल्सातल्या एका आईने रूझवेल्टना पत्र लिहून आपल्या मुलीबद्दल सांगितलं, आणि जून १९३८ मध्ये कायदा झाला की औषध सुरक्षित असल्याचं दाखवल्याशिवाय बाजारात आणता येणार नाही. आपला १९४० चा औषध कायदा त्यानंतर दोनच वर्षांनी आला. आज तू ज्या एसओपीला टिका मारणं म्हणतोस ती कुठल्यातरी ऑफिसात बसून कुणी उगाच लिहिलेली नाहीये, तिची ओळ न् ओळ अशा कुठल्यातरी घरातून आलीय.

आणि "नाही" म्हणणाऱ्यांपैकी एकीची ओळख तुला करून द्यायचीच आहे. ते एलिक्झिर प्राण्यांना देऊन नेमकं काय मारतंय हे शिकागो युनिव्हर्सिटीत तपासलं गेलं, आणि त्या कामात फ्रान्सिस नावाची एक कॅनडाची विद्यार्थिनी होती. तिच्या प्रोफेसरांनी नावावरून तिला मुलगा समजून ॲडमिशनचं पत्र "मिस्टर" म्हणून पाठवलं होतं. पुढे १९६० मध्ये ही फ्रान्सिस केल्सी एफडीएत लागली आणि अगदी सुरुवातीलाच तिच्या टेबलावर एका झोपेच्या औषधाचा अर्ज आला, थॅलिडोमाइड. जर्मनीत १९५७ पासून धडाक्यात विकलं जात होतं, सोपी केस म्हणून नव्या बाईला दिली. तिला वाटलं कागद अपुरे आहेत, तिने आणखी माहिती मागितली. कंपनीची माणसं फोन करून, भेटून, तिच्या वरिष्ठांकडे तक्रार करून थकली, पन्नासेक वेळा पाठपुरावा झाला असेल, पण दर वेळी ती म्हणायची, हे पुरेसं नाही, अजून द्या. १९६१ च्या शेवटी जर्मनीतून बातमी आली की गरोदरपणी हे औषध घेतलेल्या बायांची बाळं हातापायांशिवाय जन्मतायत. जगभरात अशी दहा हजारांहून जास्त मुलं जन्मली, आणि अमेरिकेत, जिथे तिने सही केली नव्हती, तिथे मोजकी. १९६२ मध्ये अध्यक्ष केनेडींनी तिला पदक दिलं. तिने कुठलंही औषध शोधलेलं नव्हतं. तिला "काम अडवणारी" म्हणत होते, तुला म्हणतात ना, तेच.

आता तुझ्या प्लांट हेडचा मुद्दा, सीओए आहे ना. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही, धंद्यात सगळा व्यवहार विश्वासावर चालतो आणि चांगल्या उत्पादकाचा सीओए बहुतेक वेळा खराच असतो. पण तो कागद आहे, आणि कागदाचा प्रवास ड्रमपेक्षा वेगळा होऊ शकतो. पनामात २००६ मध्ये सरकारी लॅबने खोकल्याचं औषध बनवलं, अडीच लाखांच्या वर बाटल्या. ग्लिसरीनचे ४६ ड्रम चीनमधल्या कारखान्यातून निघाले, बीजिंगच्या व्यापाऱ्याकडून बार्सिलोनाच्या व्यापाऱ्याकडे, तिथून पनामाच्या व्यापाऱ्याकडे. वाटेत सीओए पुन्हा पुन्हा बदलला गेला, कारखान्याचं आणि आधीच्या मालकाचं नाव गाळून, शुद्धता मात्र ९९.५ टक्के. वाटेत एकानेही ड्रम उघडून तपासला नाही. आत डीईजी होतं आणि किमान शंभर माणसं गेली. सीओएवरचे आकडे तू रिपोर्टमध्ये उतरवतोस तेव्हा तूही त्याच साखळीतला पुढचा कागद तयार करत असतोस, एवढंच मला म्हणायचंय.

लोक डीईजी टाकतात तरी का, असं मला नवीन मुलं विचारायची. स्वस्त असतं, घट्टसर, गोडसर, रंगाने पाण्यासारखं, डोळ्याला ग्लिसरीन आणि ते एकच. ब्रेक ऑइल, रंग, रेझिनच्या कारखान्यात लागतं, त्यामुळे केमिकलच्या बाजारात सहज मिळतं. कधी मुद्दाम भेसळ होते, कधी औषधी दर्जाच्या नावाखाली इंडस्ट्रियल माल खपवला जातो, कधी नुसता ड्रमच बदलतो. पोटात गेल्यावर त्याचं डायग्लायकॉलिक ॲसिड होतं आणि ते किडनीच्या नलिका मारतं. पहिल्या दिवशी उलटी, पोटदुखी, मग दोन-तीन दिवसांनी लघवी बंद. मधल्या काळात आईबापांना वाटतं मुलाचा ताप वाढलाय म्हणून असं होतंय, आणि ते औषधाचा अजून एक चमचा देतात.

हे सगळं लांब अमेरिका-पनामाचं आहे असं मनात आलं असेल तर मुंबईला ये. जानेवारी-फेब्रुवारी १९८६, जेजे हॉस्पिटल. डोळ्यातला, मेंदूतला दाब कमी करायला पेशंटना ग्लिसरीन तोंडाने देत, नेहमीचा उपचार. त्या ग्लिसरीनमध्ये डीईजी होतं. १४ माणसं गेली, त्यातली कितीतरी तशी बरी होण्याच्या वाटेवर होती. मग जस्टिस लेंटिन यांचा आयोग बसला आणि औषध पुरवणाऱ्यांपासून हॉस्पिटलच्या खरेदी खात्यापर्यंत आणि राज्याच्या एफडीएपर्यंत सगळ्यांवर ताशेरे ओढले. मी तेव्हा मुंबईत नवीन नवीन केमिस्ट होते, लोकलमध्ये रोज पेपरात तेच वाचायचो, आणि त्याच वर्षी आमच्या कंपनीत, कुठल्या ते राहू दे, मी आठ ड्रमपैकी एकाचं सॅम्पल काढून आठांच्या रिपोर्टवर "कंप्लाइज", म्हणजे निकषात बसतंय, असं लिहिलं होतं, कारण वरच्यांनी सांगितलं. पुढे रजेवरून आल्यावर मी स्वतःहून बाकीचे सात काढून तपासले, ठीक निघाले, पण मधले ते नऊ दिवस मला अजून आठवतात. म्हणून तुला सांगताना मी वरच्या पायरीवरून बोलत नाहीये.

आणि आता अगदी परवाचं, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधलं, मध्य प्रदेशातलं छिंदवाडा. वीसहून जास्त मुलं, बहुतेक पाच वर्षांच्या आतली, खोकल्याच्या औषधाने गेली. किडनी बंद पडली म्हणून आईबाप त्यांना घेऊन नागपूरला धावले, कितीतरी मुलं आपल्या नागपुरातच गेली. औषध बनवणारी कंपनी तमिळनाडूतली, तिथल्या औषध खात्याने त्या बॅचचं सॅम्पल तपासलं तर डीईजी ४८ टक्क्यांच्या वर. मर्यादा किती असते तुला माहितीये, ०.१ टक्का. त्यानंतर केंद्राच्या औषध महानियंत्रकांनी राज्यांना पत्र पाठवून बजावलं की बरेच उत्पादक कच्च्या मालाची प्रत्येक बॅच तपासत नाहीत असं तपासणीत दिसलंय, हे चालणार नाही. म्हणजे तुझा प्लांट हेड जे "सगळेच करतात" म्हणतो ते खरं असेलही, पण तेच तर कारण आहे ना.

बरं, आता करायचं काय. तुझ्यासमोर सही आणि राजीनामा असे दोनच दरवाजे तू मांडलेस, मला मधे बरीच जागा दिसते.

एक तर, न केलेल्या टेस्टचा आकडा लिहायचा नाही, हे पक्कं धर, बाकी सगळ्यात वाटाघाटी करता येतील. रिपोर्टमध्ये खरं ते लिही, "डीईजी टेस्ट बाकी, सॅम्पल अमुक तारखेला बाहेरच्या लॅबला पाठवलं". मागची तारीख टाकून काही भरायचं नाही, कुणी कितीही गोड बोललं तरी. आणि प्लांट हेडशी भांडण म्हणून बोलू नकोस, त्याच्या डोक्यावर डिस्पॅचचं ओझं आहे हे मान्य करून बोल, कारण तुमच्या कंपनीचा खरा प्रॉब्लेम मला प्रामाणिकपणापेक्षा वेळेचा वाटतो. माल संपत आल्यावर मागवायचा आणि आला की दुसऱ्या दिवशी मॅन्युफॅक्चरिंगला घ्यायचा, मग चार दिवस कुठून येणार? परचेसबरोबर बसून ऑर्डर आठ-दहा दिवस आधी टाकायचं ठरवा. ड्रम आल्या दिवशीच सॅम्पल काढून लॅबला पाठवायचं. कंपनीतल्या कंपनीत टीएलसी (प्लेटवर करायची साधी तपासणी) लावून पहिली चाळणी करता येते, तेवढं सामान तुमच्याकडे असेलच, संशय आला तर ड्रम तिथेच बाजूला, आणि चाळणीत पास झाला तरी जीसीचा रिपोर्ट हातात येईपर्यंत "मंजूर"चं हिरवं लेबल लावायचं नाही. माल शक्यतो थेट उत्पादकाकडून किंवा त्याच्या अधिकृत डीलरकडून घ्यायचा, ड्रमवरचा बॅच नंबर, सील आणि सीओएवरचा नंबर जुळतोय का ते रोजच्या रोज बघायचं. हे फक्त ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलपुरतं नको, सॉर्बिटॉल सोल्यूशन, पॉलिइथिलीन ग्लायकॉल, माल्टिटॉल, सगळ्यांना लावायचं. आणि एका टेस्टचा खर्च एका बॅचच्या किमतीशेजारी लिहून दाखव, मालकांना आकडे लवकर पटतात.

ज्यांच्यासाठी तुम्ही थर्ड पार्टी, म्हणजे त्यांच्या नावाने, माल बनवत असाल त्या ब्रँडवाल्यांचा क्यूए तुमचं ऑडिट करायला येत असेल. तेव्हा त्यांनी विचारलं तर खरं उत्तर दे. कित्येकदा आतून न हलणारी गोष्ट गिऱ्हाइकाच्या एका प्रश्नाने हलते, मी हे पाहिलंय.

त्या तीन लॉटमधल्या कुठल्याही बॅचचा रिपोर्ट वाईट आला तर मात्र बसून विचार करण्यासारखं काही उरत नाही. त्याच दिवशी विक्री थांबवणं, माल परत बोलावणं, एफडीएला कळवणं, हे कंपनीने करायचं, आणि कंपनी टाळाटाळ करत असेल तर तू स्वतः औषध निरीक्षकाकडे जायचंस. कंपनी कंट्रोल सॅम्पल तपासायलाच तयार नसेल तरीही जायचंस. लपूनछपून कंपनीतून बाटली उचलू नकोस, ती चोरी ठरेल आणि त्या सॅम्पलला पुढे किंमतही राहणार नाही. त्यापेक्षा एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते ती सांगते, औषध कायद्याच्या कलम २६ प्रमाणे कुणीही ग्राहक मेडिकलमधून घेतलेलं औषध फी भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकतो. बिल घेऊन तीच बॅच विकत घे.

कायद्याचं थोडं खरं खरं सांगायला हवं, कारण तू बाप होणार आहेस. भेसळीच्या औषधाने माणूस गेला तर कलम २७ खाली किमान दहा वर्षांची शिक्षा आहे, जन्मठेपेपर्यंत. चौकशी आली की पहिल्यांदा रिपोर्टखालची सही बघतात, तोंडी हुकूम देणाऱ्याची सही कुठेच नसते. आणि दुसऱ्या बाजूने, तक्रार करणाऱ्या खासगी नोकरदाराला आपल्याकडे भक्कम संरक्षण नाही, २०१४ चा जागल्यांचा कायदा आहे तो सरकारी कारभारापुरता आणि तोही अजून लागू झालेला नाही. म्हणून निरीक्षकाकडे जाण्याआधी एका वकिलाशी बोल, आणि आजपासून घरी एक वही ठेव, तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, साध्या शब्दांत. तोंडी सूचना मिळाली की संध्याकाळी त्यांनाच मेल टाक, "आज आपण अमुक सांगितलंत, मी अमुक कारणाने रिपोर्ट बाकी ठेवलाय". निम्मे हुकूम असा मेल गेल्यावर परत येत नाहीत.

नोकरी शोधायला आजच लाग, पण पळून जायचं म्हणून नको, मान ताठ ठेवून बोलता यावं म्हणून. सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांसाठीचे नवे नियम, आल्यापासून कंपन्यांना जीसी, एचपीएलसी अशा तपासणीच्या मशीनवर हात असलेली आणि डेटाशी न खेळणारी माणसं हवी आहेत. मुलाखतीत "का सोडताय" विचारलं तर आधीच्या कंपनीची बदनामी करू नकोस, "जिथे प्रत्येक ड्रम तपासला जातो तिथे काम करायचंय" एवढं पुरे. आणि लायसन्सवर मंजूर टेक्निकल स्टाफ म्हणून तुझं नाव असेल तर सोडताना एफडीएला स्वतः लेखी कळव, नाहीतर तू गेल्यावरही कागदावर तूच राहशील.

बायकोला हे सगळं सांगितलंयस का? पत्रात कुठे दिसलं नाही. सातव्या महिन्यात तिला टेन्शन नको म्हणून गप्प बसला असशील, समजू शकते, पण रात्री तू जागा असतोस हे तिला कळत असणारच आणि कारण माहीत नसलं की माणूस भलतंच काहीतरी धरून बसतो. हप्त्याचा हिशोब तिच्याबरोबर बसून कर, तीन महिने पगार नसला तर काय, हे आकड्यात बघा. आकडा दिसला की भीतीला मर्यादा येते.

हे वाचणाऱ्या आईबाबांसाठीही दोन ओळी, कारण तुझ्या पत्राच्या दुसऱ्या टोकाला तेच आहेत. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला सर्दी-खोकल्याचं सिरप देऊ नये असं केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा कळवलंय, पाचच्या आतही साधारणपणे टाळायचंय, डॉक्टरांनी तपासून सांगितलं तरच. मागच्या वेळची उरलेली बाटली स्वतःच्या मनाने काढायची नाही. औषध चालू असताना मुलाची लघवी कमी झाली, सारख्या उलट्या होतायत, मूल गळून गेलंय, तर पुढचा डोस थांबवून सरळ हॉस्पिटलला न्या आणि बाटली बरोबर न्या, फेकू नका, बिलही जपून ठेवा.

आणि तुला, तो शोधाच्या लॅबचा विचार तू मुळीच सोडू नकोस, पीएचडी करायची तर जरूर कर, अजून वय आहे. फक्त उद्याचा मेल आधी टाक. त्या तीन लॉटच्या बॅचचं काय निघालं ते मला कळव, रिपोर्ट कसाही आला तरी कळव, मी वाट बघतेय.